फिल्मखालचा धागा

बुरुल भित्री बाई होती आणि हे आमच्या गॅरेजमध्ये कुणापासून लपलेलं नव्हतं. कॉम्प्रेसर एकदम सुरू झाला तरी तिचा हात छातीवर जायचा. कुत्रं लांबून दिसलं की ती रस्ता ओलांडायची. मुलगी मेरीम शाळेतून घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत तिचं जेवणात लक्ष नसायचं. आमचा मालक मेलिस तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा आणि तिची थट्टा करायचा.

"बुरुल एजे, तुम्ही स्वतःच्या सावलीलासुद्धा आधी सलाम करत असाल."

"करते की," ती म्हणायची. "ती तरी कुठे माझ्या ओळखीची आहे."

मी सागिन, वयाने मोठा म्हणून सगळे मला बाइके, म्हणजे दादा, म्हणतात. त्या गॅरेजात गाड्या धुतो. गाडी आधी माझ्याकडे येते. मी तिची धूळ, डांबर, झाडांचा चीक सगळं काढतो आणि मग ती बुरुलच्या खोलीत जाते. बुरुल तिच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवायची. आमच्या रस्त्यांवर खडी इतकी उडते की नवी गाडी पहिल्याच हिवाळ्यात देवी आल्यासारखी दिसायला लागते. म्हणून ज्याला परवडतं तो आमच्या बिश्केक शहरात हे काम करून घेतो. साबणाच्या पाण्याने भिजवलेली फिल्म बॉनेटवर पसरायची, ताणायची, रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकलायचं आणि कडा आत दुमडून बसवायच्या. बुरुल आधी शिलाईच्या कारखान्यात होती. खांद्यात बाही बसवताना कापड जसं गोंजारून आत घेतात तशी ती फिल्म आरशाच्या गोलाईवर बसवायची. गिऱ्हाइकाला फिल्म लावली आहे हेसुद्धा कळायचं नाही.

तो शिलाई कारखाना जळला तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. बुरुल खिडकीतून बाहेर पडली. तिच्या शेजारच्या मशीनवरच्या दोघी बाहेर पडू शकल्या नाहीत. ती याबद्दल कधी बोलायची नाही. मला हे तिच्या एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं. पण फिल्मची खोली चारी बाजूंनी बंद असते, धूळ येऊ नये म्हणून खिडकीही नसते, आणि पहिल्याच दिवशी बुरुल त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली ती आत जाईना. मेलिस तोंडाने फटकळ, पण माणूस वाईट नाही. त्याने लोखंडी दार काढून काचेचं बसवलं. मग ती आत गेली. त्या खोलीचा एक कडक नियम होता. लोकर आत न्यायची नाही. स्वेटर, टोपी, मफलर, काही नाही. एक तंतू फिल्मखाली गेला तरी अख्खा तुकडा वाया.

बुरुल कालव्यापलीकडच्या नव्या वस्तीत राहायची. वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी बायका दूध आणि कुरुतचे खारट गोळे विकायला बसतात. त्यांत सगळ्यांत म्हातारी तुर्सुन आपा. स्वतः विणलेलं हिरवं जाकीट घालून बसायची. मेरीमला शाळेतून येताना हाक मारायची, हातावर एक कुरुत ठेवायची आणि म्हणायची, "आईला सांग, पोचली." बुरुल त्या हाकेच्या भरवशावर होती.

त्या वर्षी नोव्हेंबरात कोळशाचा धूर शहरावर असा बसला होता की संध्याकाळी समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागे. अशाच एका संध्याकाळी एक गाडी रस्ता सोडून बायकांच्या रांगेत घुसली. बाकीच्या बाजूला पडल्या. तुर्सुन आपाला तिने दुधाच्या डब्यांसकट उडवलं. गाडी थांबली नाही. पांढरी होती, उंच होती, एवढंच बायकांना सांगता आलं. त्याच आठवड्यात आपा दवाखान्यात वारली.

बुरुल मयताच्या घरी बायकांबरोबर बसली, मयताच्या नावाने वाटायचे बोर्सोक, म्हणजे पिठाचे तुकडे, तळायला मदत केली, आणि कामावर परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला म्हणाली, "बाइके, गाडी थोडी उशिरा आली असती तर तिथे मेरीम असती." त्या दिवसापासून ती मुलीला एकटी घराबाहेर सोडेना.

पुढे पहिला बर्फ पडून वितळला असेल, तेव्हा तालाय नावाचा माणूस एक पांढरी उंच गाडी घेऊन आला. शहरात पांढऱ्या उंच गाड्या ढिगाने आहेत. माझ्या मनात काही आलं नाही. माणूस चाळिशीचा, मृदू बोलणारा. खिशातून कागदी रुमाल काढून सारखा हात पुसायचा. मेलिस त्याच्यापुढे जरा जास्तच वाकत होता, त्यावरून माणूस वजनदार असावा हे मी ओळखलं.

मी गाडी धुतली. बुरुलने ती आत घेतली, दिवे लावले आणि बॉनेटवरून हात फिरवला. मग ती दार उघडून बाहेर आली.

"हा रंग ताजा आहे," ती तालायला म्हणाली. "नखाखाली अजून मऊ लागतोय. आत्ता फिल्म लावली तर रंगाला श्वास घेता येणार नाही. पुढे कधी फिल्म काढाल तर रंगही सोबत येईल. महिनाभर थांबा."

"थांबायला वेळ नाही, एजे," तो म्हणाला. "मला दक्षिणेत जायचंय. गाडी तिथेच राहील."

"काय झालं होतं गाडीला?"

"गाय आडवी आली."

"गाय वाचली?"

तालायने रुमालाने हात पुसले. "तुम्ही लावा. जबाबदारी माझी."

तो काचेच्या दारासमोर खुर्ची टाकून बसला. गिऱ्हाइकं बसतात कधीकधी, फोनवर काहीतरी बघत. हा फोन बघत नव्हता. तो तिचे हात बघत होता.

आत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. बॉनेट उचलून ती कडा पुसत होती. डाव्या हेडलाइटच्या वर, बॉनेटची कड जिथे आत वळते, तिथे तिच्या फडक्याला काहीतरी अडकलं. लोकरीचा तंतू. तिला आधी माझाच राग आला, की सागिन बाइके स्वेटर घालून आत आले वाटतं. तिने चिमटीत धरून तो ओढला. तो येईना. तिने दिवा जवळ आणला. तंतूचं एक टोक मोकळं होतं आणि दुसरं नव्या पांढऱ्या रंगाच्या खाली गेलेलं होतं. म्हणजे रंग मारायच्या आधीपासून तो तिथे होता. मोकळं टोक हिरवं होतं.

ती वाकलेलीच राहिली. तिला वाटलं, सरळ उभी राहिले तर माझा चेहरा काचेतून दिसेल. गायीच्या अंगावर हिरवी लोकर कुठून येईल, हा एकच प्रश्न डोक्यात फिरत होता.

दार वाजलं. तालाय आत आला होता.

"काही सापडलं का, एजे?"

"धूळ," ती म्हणाली. "कडांना नेहमी असते. तुम्ही आत येऊ नका, कपड्यांवरून अजून येईल."

तो हसला आणि बाहेर गेला. तेवढ्यात मेलिस चहा घेऊन आला. त्याला गिऱ्हाइकाशी बोलायला काहीतरी हवंच असतं. मी शेजारीच बादल्या रचत होतो, त्यामुळे मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"हात बघा बाईचे," मेलिस म्हणाला. "शहरात असे हात नाहीत. बिचारी रोज कालव्यापलीकडून येते. त्या वस्तीतून हो, जिथे दूधवाल्या म्हातारीला कुणीतरी उडवून गेलं. ऐकलं असेल तुम्ही."

तालायने कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "मी नव्हतो शहरात."

त्याला कुणी विचारलं नव्हतं की तू कुठे होतास. मी बादली हातात धरून उभा राहिलो. मेलिसला काहीच जाणवलं नाही. तो पुढे पेट्रोलविषयी बोलू लागला.

आत बुरुल दोन गोष्टींमध्ये अडकली होती. तंतू कापून खिशात टाकावा, तर तो नुसता तंतू. कुणीही म्हणेल, तुझ्याच ओढणीचा आहे. तसाच ठेवावा, तर या माणसाला तो आज ना उद्या दिसणार आणि मग तो उरणार नाही. तिने मोकळं टोक बोटाने कडेवर आडवं निजवलं, पाणी फवारलं, आणि फिल्म त्याच्यावरून आत दुमडून घट्ट बसवली. इतक्या वर्षांत फिल्मखाली एक कण न सोडलेल्या बाईने त्या दिवशी जाणूनबुजून एक फुगवटा सोडला.

काम झाल्यावर नेहमीसारखं तपासायला तिने मला बोलावलं. माझं बोट त्या कडेवर आलं आणि मी तोंड उघडलं, की बुरुल, हे राहिलं. तिने माझं मनगट पकडलं. तिचा हात बर्फासारखा होता. मी तोंड मिटलं.

मग तालाय बॅटरी घेऊन आला. बॉनेट, बंपर, दिवे, सगळं त्याने सावकाश पाहिलं. बॉनेट उचलायला लावलं. कडेवरून बोट फिरवत नेलं आणि डाव्या हेडलाइटच्या वर ते थांबलं.

"हे काय?"

"पाणी," बुरुल म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, अजून मला कळत नाही तो तिने कुठून आणला. "कडेला थोडं राहतं. आपोआप सुकतं. फक्त दाबू नका, नाहीतर कड उचलेल आणि मग सगळी फिल्म सुटेल."

त्याने बोट काढून घेतलं. तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "अंधार पडतोय. तुम्ही वस्तीत राहता ना? मी सोडतो. तसाही तिकडूनच जाणार आहे."

"मी बसने जाईन."

"अहो, जा की एजे," मेलिस म्हणाला. "इतका मोठा माणूस सोडतो म्हणतोय."

मी पुढे झालो. "ती माझ्याबरोबर येणार आहे. माझ्या बायकोचं शिवणकाम आहे."

"ते उद्या करा, बाइके," तालाय म्हणाला, आणि त्याने तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. नाही म्हटलं तर का नाही म्हटलं याचं उत्तर द्यावं लागलं असतं. बुरुल गाडीत बसली. मी फाटकाशी उभा राहून मागचे लाल दिवे धुरात जाईपर्यंत बघत होतो. मग मी तिला फोन लावत राहिलो आणि ती उचलत नव्हती.

तो काही बोलत नव्हता, तिने मला सांगितलं. वस्तीकडे जायचा सरळ रस्ता दूधवाल्या बसतात तिथूनच जातो. तिथे पोचायच्या आधीच त्याने गाडी वळवली आणि कालव्याकाठच्या मातीच्या रस्त्याला घातली. त्या रस्त्याने गुरं जातात, गाड्या जात नाहीत. तिने दाराची कडी चाचपली. दार कुलूपबंद होतं. पर्समध्ये फोन थरथरत होता आणि तो बाहेर काढायची तिची हिंमत होत नव्हती. कारखान्यातल्या आगीचा वास नाकात आला, ती म्हणाली, अगदी खरा.

कालव्याच्या वळणावर त्याने गाडी थांबवली. दिवे बंद केले.

"एजे," तो म्हणाला, "गाय नव्हती."

तिने पर्स छातीशी धरली.

"तुम्हाला कळलंय, हे मला कळलंय. रंगाखालची दुरुस्ती हाताला लागली आणि तुमचे हात मध्येच थांबले होते." तो समोर काचेतून बघत बोलत होता. "मी थांबणार होतो. पाय ब्रेकवर होता माझा. बायका ओरडायला लागल्या आणि तो पाय निघाला. तिला... फार वेळ त्रास झाला का?"

"झाला," बुरुल म्हणाली.

त्याने कागदी रुमाल बोटांना गुंडाळला. मग त्याने दाराचं कुलूप काढलं. "तुमच्या मुलीचं नाव मेरीम ना? मेलिसने सांगितलं. चांगलं नाव आहे. तिला सांभाळा. आणि हे विसरा."

ती उतरली आणि कालव्याच्या काठाने अंधारात घरापर्यंत पळत गेली. मला फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. "पोचले," एवढंच म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते मी रोज पाहत होतो. तिने खिडकीला कपाट लावलं. मेरीमला शाळेत पाठवणं बंद केलं. गॅरेजात कुणी दार ढकललं तरी तिच्या हातातली पट्टी पडायची. मला तिने सगळं सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "बाइके, तुम्ही कुणाला बोललात तर माझं पोर जाईल." मी बोललो नाही. मलाही भीती वाटत होती. माझी नातवंडंही त्याच शहरात राहतात.

तुर्सुन आपाचा मुलगा कुबात रोज संध्याकाळी वस्तीच्या रस्त्याच्या त्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभा राहायचा. पांढरी उंच गाडी आली की आडवा जायचा आणि तिचं नाक तपासायचा. ड्रायव्हर शिव्या द्यायचे. एका संध्याकाळी बुरुल बसमधून उतरली तेव्हा दोघे जण त्याला रस्त्यात पाडून लाथा मारत होते आणि त्यांची गाडी मागे सुरूच होती. अपघाताशी काही संबंध नसलेली, नुसती तपासणीने चिडलेली माणसं. ते निघून गेल्यावर तिने कुबातला उठवलं. त्याच्या ओठातून रक्त येत होतं.

"का उभा राहतोस रे इथे?" ती म्हणाली.

"मग कुठे उभा राहू?" तो म्हणाला.

ती तिथेच चिखलात त्याच्याशेजारी बसली आणि तिने त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. तपास करणारा माणूस पेंगत होता. "धागा?" तो म्हणाला. "बाई, धाग्यावरून मी कुणाच्या दारात जाऊ? आणि कुणाच्या दारात, ते ठाऊक आहे का तुम्हाला?" बुरुलचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण ती खुर्चीवरून उठली नाही. रंग कसा ताजा होता, धागा रंगाच्या खाली कसा गेलाय, फिल्म काढली की काय निघेल, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाली, "तो फुगवटा पाण्याचा आहे असं त्याला वाटतंय, म्हणून त्याने हात लावला नसेल. सुकत नाही हे लक्षात आलं की लावेल. तुम्ही तोवर पेंगणार असाल तर तसं कागदावर लिहून द्या. कुबात ते घेऊन वरती जाईल." कुबातने फुटलेला ओठ मिटून नुसती मान हलवली. त्या माणसाने टोपी उचलली आणि तो निघाला.

गाडी दक्षिणेला गेलेली नव्हती. तालायच्या भावाच्या अंगणात ताडपत्रीखाली होती.

फिल्म काढायला त्यांनी बुरुललाच बोलावलं. ठाण्याच्या अंगणात थंडीत गाडी उभी, भोवती पाच-सहा माणसं, आणि एका बाजूला तालाय. मी तिची हीटगन कडेवर धरली, कारण तिला दोन्ही हात फिल्मसाठी मोकळे हवे होते. कड गरम झाल्यावर तिने ती नखाने उचलली आणि सावकाश ओढली. ती म्हणाली होती तसंच झालं. रंग फिल्मबरोबर उचलून आला. खाली पोचा बुजवायला भरलेली गुलाबी लांबी दिसली, आणि लांबीत रुतलेला हिरवा धागा. एक नाही, जाकिटाच्या विणीची पूर्ण गाठ होती.

कुबात पुढे आला, बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"एजे," तालाय हळूच म्हणाला, "तुम्ही पाणी म्हणाला होतात."

बुरुलने हातातली फिल्म खाली ठेवली. "हो. खोटं बोलले," ती म्हणाली. मग ती गाडीच्या मागे गेली आणि तिला उलटी झाली.

तालायला शिक्षा झाली. कुबातला वाटत होतं त्यापेक्षा कमी झाली, पण झाली. खटला चालू होता तेव्हा त्याचे भाऊ आमच्या गॅरेजसमोर गाडी लावून बसायचे. बोलायचे नाहीत, उतरायचे नाहीत. गिऱ्हाइकं येईनाशी झाली. मेलिस मला म्हणायचा, "या बाईने माझं गॅरेज बुडवलं," आणि दुपारी तिच्यासाठी स्वतः जेवण आणायचा. एकदा तो बाहेर जाऊन त्या भावांच्या गाडीच्या काचेवर टकटक करून आला. काय बोलला ते त्याने सांगितलं नाही, पण आत आल्यावर पाणी पिताना त्याचे दात पेल्यावर वाजत होते.

हिवाळा संपायच्या आत बुरुल मेरीमला घेऊन तोकमोकला बहिणीकडे राहायला गेली. जाताना तिने कुणाचा निरोप घेतला नाही. वसंतात मी आणि माझी बायको तिला भेटायला गेलो. तिथल्या एका छोट्या गॅरेजात ती फिल्म लावते. आम्ही अंगणात चहा घेत होतो. रस्त्यावर एक गाडी हळू झाली तशी ती बोलता बोलता थांबली, गाडी पुढे जाईपर्यंत थांबली, आणि मग तिने माझ्या बायकोचा कप पुन्हा भरला.

"अजून भीती वाटते का गं?" माझ्या बायकोने विचारलं.

"वाटते," बुरुल म्हणाली. "आता तर जास्त वाटते. आधी कशाची ते तरी ठाऊक नव्हतं." मग तिने कुबातचं विचारलं.

"तो आता उभा राहत नाही तिथे," मी सांगितलं. "त्याची बायको दूध घेऊन बसते."

"रस्त्यापासून लांब बसते ना?"

"वस्तीतल्या लोकांनी पुढे मोठे दगड टाकलेत."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि मेरीमच्या शाळेची वेळ झाली म्हणून डोक्याला रुमाल बांधून तिला आणायला निघाली.